मी बागेत बसणार नाही

मी एक जुनी ऐरण आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द ऐकून लगेच हळहळू नका. माझ्या अंगावर खड्डे पडले आहेत, एक कोपरा उडाला आहे, हे खरे. पण आज सकाळीही माझ्यावर लालभडक लोखंड होते आणि उद्याही असणार आहे. मला कुणाची कीव नको. माझे म्हणणे तेवढे ऐकून घ्या.

मुळशी तालुक्यातल्या रिहे गावात मी राहते. माझा जन्म मात्र इथला नाही. दूरच्या एका कारखान्यात मला पोलादातून ओतले. शंभू लोहाराने मला बैलगाडीत घालून आणले, तेव्हा चढावर बैल अडून बसले आणि भातखाचरांतली माणसे गाडी ढकलायला धावली होती. शंभूने बाभळीचा बुंधा जमिनीत पुरला आणि मला त्यावर बसवले. तिथून मी आजवर हललेली नाही.

काय काय घडले माझ्यावर! विळे, कोयते, नांगराचे फाळ, गाडीच्या चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा. खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचे, झेंडूची माळ मिळायची. लोक म्हणायचे, शंभूची ऐरण वाजायला लागली, आता सुगी आली. वर्तमानपत्रात म्हणे रोज नवनवे प्रश्न ऐरणीवर येतात. माझ्यावर एकही कधी आला नाही. आले ते लोखंडच.

शंभूच्या मागे त्याचा मुलगा बहिरू माझ्यासमोर बसू लागला. त्याची बायको कल्पना पलीकडे उभी राहायची. बहिरू सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोड्याने जागा दाखवायचा आणि कल्पना दोन्ही हातांनी घण उचलून नेमकी तिथेच घालायची. ठण्‌, धाड. ठण्‌, धाड. त्या दोघांना आपसात बोलायची गरजच पडत नसे.

मग दिवस पालटले. बैल गेले, ट्रॅक्टर आले. बाजारात तयार विळे मिळू लागले. खाचरे विकली गेली आणि तिथे फार्महाऊस उभी राहिली. बहिरूने पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी धरली. भट्टी विझली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. एक तर रोज दुपारी माझ्यावरच डुलकी काढायची. मित्रांनो, घणाचे घाव मी हसत सोसले, पण त्या कोंबडीचा भार मला सोसवत नव्हता.

एके सकाळी कल्पनाने तिला हाकलले. झाडलोट केली, कोळसे पेटवले, त्यांना वारा घालायला विजेचा ब्लोअर लावला आणि पत्र्याच्या छपराखाली एकटीच हातोडा घेऊन बसली. ते बघून गावातले म्हातारे हैबतराव दारात थांबले.

"कल्पना, बाईनं घण मारावा, त्याला कुणी काय म्हणत न्हाई. पण हातोडा धरू नये. रीत न्हाई ती."

"आबा, घण हातोड्यापरीस लई जड असतोय," कल्पना म्हणाली. "जड ते मी उचलत हुते, तवा तुमची रीत कुटं गेली हुती?"

हैबतराव निघून गेले. मी मात्र त्या दिवशी जास्तच खणखणीत वाजले.

तरी काम बेताचेच यायचे. अशाच एका दिवशी क्षितिजा आली. ती भूगावला फ्लॅटमध्ये राहते आणि ऑफिसात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरते. तिला दोनच गोष्टींचे वेड, काम करणारे लोहार आणि वादळी ढग.

"ताई, हा ब्लोअर आणि ती प्लास्टिकची खुर्ची जरा बाहेर ठेवूया का?" तिने विचारले. "फोटोत जुना काळ वाटायला हवा."

"मी जुन्या काळातली न्हाई," कल्पना म्हणाली. "ब्लोअर हितंच ऱ्हाईल. इस्तू काय तुमच्या कॅमेऱ्यानं फुलणार हाय?"

क्षितिजा हसली आणि त्याच खुर्चीवर बसली. मग तिने कॅमेऱ्यातला एक ढग कल्पनाला दाखवला. "हा बघा. उंच उंच चढत गेला, आणखी वर जाता येईना म्हणून असा सपाट पसरला. याला ऐरणीचा ढग म्हणतात. हा दिसला की वादळ आलंच समजा."

कल्पनाने एकदा ढगाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "व्हय की. पुढं निघालेलं नाक बी हिच्यावाणीच हाय," ती म्हणाली. त्यानंतर क्षितिजा वरचेवर येऊ लागली.

पण माझ्यावर दुसऱ्याच कुणाची नजर पडली होती. उतारावरच्या फार्महाऊसचे मालक अण्णासाहेब निवृत्त होऊन इथे राहायला आले होते. त्यांना मी बागेत हवी होते. मला घासूनपुसून, वर पॉलिश मारून फाटकाजवळ ठेवायचे आणि खालून दिवा लावायचा, असा त्यांचा बेत होता. त्यांनी बहिरूला गाठले आणि बहिरू हो म्हणून बसला. कल्पनाला त्याने विचारलेही नाही.

भातकापणीच्या दिवसांत, एका दुपारी, अण्णासाहेब टेम्पो आणि माणसे घेऊन आले. बहिरू कामावर गेला होता. कल्पना माझ्यावर कोयता ठोकत होती आणि क्षितिजा बाहेर उभी राहून फोटो काढत होती.

"कल्पनाबाई, बहिरूशी माझं सगळं बोलणं झालंय," अण्णासाहेब म्हणाले.

"माझ्याशी न्हाई झालं, साहेब." तिने मान वर केली नाही. "भट्टी पेटलीया. ऐरण बी तापलीया. कुणाला हात लावायचा आसंल त्यानं लावावा."

टेम्पोबरोबरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कुणी पुढे आले नाही. कल्पनाने हातोडा उचलला. नेमके तेव्हाच क्षितिजाला दिसले की आमच्या मागे, डोंगराच्या वर, पांढराशुभ्र ढग चढला आहे आणि त्याचा माथा सपाट पसरला आहे. खाली मी, वर तो. तिने फोटो काढला. दुसरा काढायला कॅमेरा डोळ्याला लावला, पण लगेच खाली घेतला.

"हा इकडेच येतोय," ती म्हणाली. "सगळे आत व्हा."

सगळे कल्पनाच्या घरात शिरतात न शिरतात तोच वारा आला. माझ्यावरचे दोन पत्रे उडून खाचरात जाऊन पडले. गारा माझ्या अंगावर ताडताड फुटल्या. जवळच काहीतरी प्रचंड मोडल्याचा आवाज आला. वादळ सरले तेव्हा गावाच्या तोंडाशी असलेला जुना आंबा रस्त्यावर आडवा पडला होता. वीज गेली होती. पिरंगुटहून येणारी बस आंब्याच्या पलीकडे अडकली होती, टेम्पो अलीकडे. झाड कापायचे यंत्र आणायचे, तर त्यालाही रस्ता हाच.

घराघरांतून कुऱ्हाडी निघाल्या. पण कित्येक वर्षे त्या कोपऱ्यात पडून बोथट झाल्या होत्या. खोडावर आपटून नुसत्या उडत होत्या. सगळ्यांत आधी छपराशी आले ते हैबतराव.

"कल्पना, हिला जरा पाजवून दे," त्यांनी कुऱ्हाड पुढे केली. रीत त्या दिवशी त्यांना आठवली नाही. कल्पनाने कुऱ्हाड हातात घेतली.

वीज नसल्याने ब्लोअर बंद होता. कल्पनाने माळ्यावरून शंभूचा चामड्याचा भाता काढला. क्षितिजाने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि भाता ओढायला बसली. घामाने आणि काजळीने तिचे तोंड काळे झाले, पण तिने हात थांबवला नाही. नव्याने घातलेले कोरडे कोळसे फुलले. लाल झालेले एकेक पाते माझ्यावर येऊ लागले. कल्पना एकटीच ठोकत होती. एका हाताने सांडशी, दुसऱ्या हाताने हातोडा. तिचा खांदा भरून आल्याचे मला तिच्या घावातून कळत होते.

तेवढ्यात बहिरू आला. बसमधून उतरून, आंब्याच्या फांद्यांतून वाट काढत, चिखलाने माखून तो आला होता. दाराशी टेम्पो, माझ्याभोवती माणसे, माझ्यासमोर त्याच्या जागेवर बसलेली कल्पना, हे सगळे त्याने पाहिले. मला वाटले, हा आता हातोडा मागणार. त्याने भिंतीला टेकलेला घण उचलला आणि तिच्यासमोर, ती पूर्वी उभी राहायची तिथे जाऊन उभा राहिला.

कल्पनाने हातोड्याने जागा दाखवली. बहिरूने तिथे घण घातला.

ठण्‌, धाड. मित्रांनो, इतक्या वर्षांनी!

अंधार पडायच्या आत आंबा कापून रस्ता मोकळा झाला. अण्णासाहेब इतका वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होते. उठताना ते बहिरूला म्हणाले, "ऐरणीचं मग नंतर बघू."

"मला नगा विचारू, साहेब. हिला विचारा," बहिरू म्हणाला.

"नंतर बी न्हाई," कल्पना म्हणाली.

टेम्पो रिकामाच गेला.

क्षितिजाचा तो फोटो पुण्यातल्या एका प्रदर्शनात लागला. कल्पना आणि बहिरू बघायला गेले. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवताना दोघे बोलत होते, ते मी ऐकले. फोटोखाली कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'लोप पावत चाललेला व्यवसाय'.

"लोप कोण पावतंय?" कल्पनाने तिथेच विचारले. फोटो बघणारी माणसे मागे वळली.

"ताई, ते आयोजकांनी लिहिलंय," क्षितिजा ओशाळून म्हणाली.

"मग तुमी खोडा. मी ही काय हितं उभी हाय."

क्षितिजाने ती पट्टी काढली आणि कल्पनाने सांगितले तसे नवे लिहून लावले: 'कल्पना लोहार, रिहे. विळे, कोयते, कुऱ्हाडी करून आणि पाजवून मिळतील.'

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, असे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मीही तेच सांगते. पण जपणे म्हणजे पुसून, पॉलिश मारून, दिव्याखाली ठेवणे नव्हे. तसे ठेवलेले लोखंड बाहेरून चकाकते आणि मुके होते. मला मुके व्हायचे नाही. मला काम हवे, घाव हवेत. कधी रिहे खोऱ्यात आलात, तर मला बघायला जरूर या. फोटोही काढा. फक्त रिकाम्या हाताने येऊ नका. घरात बोथट होऊन पडलेले काहीतरी बरोबर घेऊन या.