थोरली वर, धाकटी खाली

दुकानदाराने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून दाखवली आणि म्हणाला, "हे घातलं की थंडी म्हणजे काय ते विसराल." दुकानात हीटर चालू होता, दुकानदाराच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यामुळे त्याच्या बोलण्यावर अविश्वास ठेवायला तसं काही कारण नव्हतं.

"आत तारा आहेत," तो पुढे म्हणाला. "खिशात बॅटरी. बटण दाबलं की पाठ गरम."

"बघू," थोरली म्हणाली.

थोरली जगातल्या बहुतेक गोष्टींना 'बघू' म्हणायची. लग्नाचं विचारलं तेव्हाही ती 'बघू'च म्हणाली होती, असं सासरे सांगत. त्यानंतर तिने घर बघितलं, मुलं बघितली, आणि एका हिवाळ्यात नवऱ्याची पाठ ओंडका उचलताना कायमची धरली तेव्हा त्याचा धंदाही बघायला घेतला. धंदा म्हणजे रस्त्याकडेच्या झाडांच्या, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटणं. बर्फ पडायच्या आत हे उरकावं लागे, नाहीतर फांद्या ओझ्याने तारांवर पडत आणि अख्खं गाव अंधारात बसून वीज खात्याला शिव्या घाले.

यंदा तिच्याबरोबर धाकटी जाऊ होती. धाकटी गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तो कारखाना बंद पडला. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आठवडाभर धाकटी खिडकीत बसलेली पाहून थोरली एके सकाळी म्हणाली, "चल माझ्याबरोबर. खाली उभं राहायला माणूस लागतो." गेल्या कित्येक वर्षांत थोरली तिच्याशी एका दमात इतकं बोलली नव्हती. धाकटी चपला घालूनच उठली.

दोघींच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा वरची, दिवसभर ऊन येणारी खोली धाकटीला मिळाली आणि खालची ओलसर थोरलीला. कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून धाकटी थोरलीसमोर जरा वाकून वावरत असे, जणू ती खोली तिने पदराखाली लपवून आणली होती.

दुकानात मात्र धाकटी ताठ होती. कपडा हा तिचा प्रांत. तिने तारांचं जॅकेट उलटं केलं, आतली शिवण नखाने खरवडली आणि परत ठेवलं. "करवतीची साखळी फिरते तिथे अंगावर तारा नकोत," ती म्हणाली. मग तिने साधं, जाड, आतून लोकरी अस्तराचं एक जॅकेट काढलं. "ताई, हात वर करा."

"कशाला?"

"वर काम करताना हात वरच असतात. पाठ उघडी पडते का बघते."

थोरलीने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात आत आलेल्या एका गिऱ्हाइकाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर निघून गेला.

पाठ उघडी पडत नव्हती. बाह्या मात्र बोटांच्या खाली चार अंगुळं लोंबत होत्या, कारण दुकानातला माल पुरुषांच्या मापाचा होता. इतकी वर्षं थोरली नवऱ्याचं जुनं जॅकेट बाह्या दुमडून घालत होती, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुकानदाराने तत्परतेने बायकांचा माल म्हणून हातमोज्यांची एक जोडी आणली. त्यावर फुलं होती.

थोरलीने एक हात घालून पाहिला. "यात बोटं मावतात," ती म्हणाली. "काम मावत नाही."

"बाह्या मी घरी कापून देते," धाकटी म्हणाली. "आत सुती काही घालायचं नाही. घाम आला की ओलं होतं आणि ओलं झालं की गारठतं. आतून लोकरीचं. बूट एक नंबर मोठे, म्हणजे आत दोन मोजे घालूनही बोटं हलतील. हातात आधी पातळ मोजे, वरून जाड."

थोरलीने फुलांचा हातमोजा काढून ठेवला. "बरं," ती म्हणाली. 'बघू' नाही, 'बरं'. धाकटीच्या ते लक्षात आलं.

अवजारांपाशी सासरे उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की ते गाडीत असत. धंदा त्यांनीच सुरू केला होता आणि पेट्रोलची करवत, पेट्रोलचा जनरेटर यापलीकडे माणसाला काही लागतं असं त्यांना वाटत नव्हतं. थोरलीने बॅटरीची हलकी करवत उचलली तसे ते दुसरीकडे बघू लागले. धाकटीने एक चौकोनी पेटी दाखवून विचारलं, "ही कशाची?" तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"वीज साठवते," दुकानदार म्हणाला. "जिथे प्लग नाही तिथे हिच्यावर काहीही चालवा. फक्त रात्री कडाक्यात बाहेर ठेवू नका."

"आवाज कुठाय हिला?" सासऱ्यांनी विचारलं.

"आवाज नसतो."

"मग चालतेय हे कळायचं कसं?"

दुकानदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं. पेटी घेतली गेली. परतताना सासऱ्यांनी ती मांडीवर घेतली, पण तिच्याशी ओळख वाढवली नाही.

पहिलं काम कालव्याच्या रस्त्यावर होतं. आदल्या संध्याकाळी थोरलीने पेटी विजेने भरून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली होती. सकाळी ती मागे, उघड्या हौद्यात मिळाली, वर पांढरं दव गोठलेलं. पुढच्या सीटवर सासऱ्यांनी आपल्या थर्मासची सोय केली होती.

"बाबा, पेटी आत राहू द्यायची होती," धाकटी म्हणाली.

"यंत्र आहे. पाहुणी आहे का आत झोपायला?"

त्या दिवशी ते बरोबर आले नाहीत. ते दुखावले गेले होते.

कालव्याकाठी वस्ती नव्हती. वीज खात्याने त्या पट्ट्यातली वीज संध्याकाळपर्यंत बंद करून दिली होती, कारण चालू तारांजवळ फांद्या कोण छाटणार? थोरली पाळण्यात उभी राहिली. पाळणा म्हणजे गाडीमागे ओढायचा, माणसाला उंच नेणारा कठडेवाला डबा. तो स्वतःच्या बॅटरीवर वर-खाली व्हायचा. धाकटीने खालून, कापलेली फांदी अलगद उतरवायचा दोर धरला. कापलेल्या बाह्यांचं जॅकेट थोरलीला नीट बसलं होतं. ती वर गेली आणि फांद्या एकामागून एक सावकाश खाली येऊ लागल्या.

तिसऱ्या झाडाशी पाळणा थांबला. वरही जाईना, खालीही येईना. थोरलीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग करवत कठड्याला अडकवली.

"गेली," ती वरून म्हणाली.

"काय?"

"बॅटरी. थंडीने खाल्ली."

पाळणा हाताने उतरवायची एक कळ खाली होती. धाकटीने तिला पाना लावला आणि सगळं वजन टाकलं. कळ गोठून बसली होती, ती हलली नाही. पाना वाकला. गाडीच्या बॅटरीचा जोर पाळण्याला पुरण्यासारखा नव्हता. पेटी सकाळच्या घाईत हौद्यातच राहिली होती; धाकटीने ती काढली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक छोटं चित्र उमटलं आणि पेटी बंद झाली.

"काय म्हणतेय?" वरून प्रश्न आला.

"फूल दाखवतेय."

"कसलं फूल?"

धाकटीने नीट पाहिलं. "बर्फाचं असावं."

तिने गाडी सुरू केली, पेटी पुढच्या सीटवर ठेवली, गरम हवा तिच्याकडे वळवली आणि वरून घोंगडी घातली. मग सासऱ्यांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "जनरेटर घेऊन येतो," आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की धाकटीला फोन केल्याचा पश्चात्ताप झाला.

"अग्निशमनवाल्यांना बोलावू का?" तिने वर विचारलं.

"नको. पुढच्या वर्षी आपल्याला हेच काम हवंय."

वारा सुटला होता. थोरली पाळण्यात जागच्या जागी पाय आपटत होती. तिचा चेहरा खालून नीट दिसत नव्हता, फक्त टोपी आणि तोंडातून निघणारी वाफ. धाकटीला एकदम भीती वाटली, इतकी की ती काहीतरी बोलत राहायचं म्हणून जे तोंडात आलं ते बोलून गेली.

"ताई, ती वरची खोली तुम्हाला मिळायला हवी होती."

वर पाय आपटायचे थांबले. "काय?"

"खोली. ऊन येणारी. तुम्ही थोरल्या. माझ्यामुळे तुम्ही त्या ओलीत राहता. मी इतकी वर्षं बोलले नाही, पण मला रोज वाटतं."

थोरली कठड्यावरून खाली वाकली.

"यांची पाठ अशी," ती म्हणाली. "जिना चढवू कशी त्यांना? ती खोली नको म्हणून मीच बाबांना सांगितलं होतं."

धाकटी दोर हातात धरून उभी राहिली.

"तुला सांगितलं नाही कुणी?"

"नाही."

"म्हणून तू माझ्यासमोर अशी चोरासारखी फिरतेस?"

"हो."

"मला वाटलं तुला मी आवडत नाही," थोरली म्हणाली. "म्हटलं, बघू."

धाकटीला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. त्या हवेत पाण्याचं काय होईल सांगता येत नव्हतं, म्हणून तिने आधी डोळे पुसले. "हात कसे आहेत?" तिने विचारलं.

"डावा कळतोय. उजवा आहे, असं धरून चाललेय."

"वरचे मोजे काढा आणि हात काखेत धरा. पातळ मोजे राहू द्या. आणि खाली बसा, कठड्याच्या आड. वारा लागणार नाही."

थोरली खाली बसली. आता तिची टोपीही दिसेना, आणि त्याने धाकटीची भीती वाढली, म्हणून ती बोलत राहिली: ट्रकबद्दल, बंद पडलेल्या कारखान्याबद्दल, तिथल्या मुकादमाबद्दल, जो काजं मोजायचा आणि बटणं विसरायचा. थोरली वरून 'हं' म्हणत होती. एकदा 'हं' आला नाही. धाकटी ओरडली. "ऐकतेय," वरून आलं, "मुकादमाचं पुढे काय झालं?"

सासरे आले ते शेजाऱ्याच्या गाडीतून, जनरेटर घेऊन. त्यांनी वर पाहिलं. "अगं, बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, बाबा."

मग ते जनरेटरची दोरी ओढायला लागले. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. त्यांनी पुन्हा ओढली. थोड्या वेळाने मफलर काढला. मग कोट काढला. मग स्वेटर काढला. त्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर घामाने भिजलेले ते एकटेच होते.

धाकटीने गाडीत जाऊन घोंगडीखाली हात घातला. पेटी कोमट लागत होती. बटण दाबलं, फूल आलं नाही, आकडा आला. तिने पेटी उचलून पाळण्यापाशी नेली, त्याच्या चार्जरची वायर जोडली आणि उभी राहिली. पेटी काही आवाज करत नव्हती, हे खरं होतं. पाळण्यावरचा लाल दिवा लागला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

थोडी वीज भरू दिली आणि धाकटीने खालचं बटण दाबलं. पाळणा कुरकुरत, अडखळत खाली आला. माणसाच्या उंचीवर आल्यावर त्याने पुन्हा विचार बदलला, तेव्हा थोरलीने कठड्यावरून पाय टाकला आणि धाकटीने तिला कमरेला धरून उतरवून घेतलं. तिला उभं राहता येत नव्हतं. धाकटीने तिला सोडलं नाही.

नेमका तेव्हाच जनरेटर सुरू झाला. काळा धूर, आणि असा आवाज की कालव्यातले पक्षी उडाले.

"बघा," सासरे म्हणाले. ते घामाघूम होते.

"तुम्ही होतात म्हणून, बाबा," थोरली म्हणाली.

धाकटीने पेटीची वायर काढून जनरेटरची जोडली, आणि सासऱ्यांना स्वेटर घालायला लावला.

थोरलीला गाडीत गरम हवेपाशी बसवलं. उजव्या हाताची बोटं आधी पांढरी होती, मग लाल झाली, मग दुखायला लागली. दुखताहेत म्हटल्यावर दोघींना बरं वाटलं. एवढ्यात वीज खात्याच्या माणसाचा फोन आला. काम झालं असेल तर तो वीज सोडणार होता. तिसऱ्या झाडाची एक जाड फांदी अजून सरळ तारेवर रेलून होती.

थोरलीने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"मी कधी वर गेलेले नाही," धाकटी म्हणाली.

"मी सांगते खालून."

"फांदी माझ्या अंगावर आली तर?"

"दोर माझ्याकडे असेल. डाव्या हाताने धरेन, आणि बाबा धरतील."

सासऱ्यांनी मान हलवली आणि दोर मनगटाला गुंडाळायला घेतला. थोरलीने तो सोडवून त्यांच्या हातात नीट दिला. मग ती फोनवर म्हणाली, "थोडा वेळ द्या. माणूस वर जातोय."

पाळण्याची बॅटरी भरेपर्यंत थांबावं लागलं. मग थोरलीने स्वतः धाकटीच्या कमरेचा पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला, आणि तिला करवत कशी धरायची ते दाखवलं. पाळणा हलला. धाकटीने कठडा इतका घट्ट धरला की दोन मोज्यांतूनही लोखंड जाणवत होतं. ती वर गेली, आणखी वर गेली. जनरेटरचा आवाज लहान होत गेला.

"खाली बघू नकोस," थोरलीने हाक मारली.

धाकटीने खाली पाहिलं. दोघं माना वर करून उभी होती, दोर दोघांच्या हातात. मग तिने फांदीकडे तोंड केलं आणि करवतीचं बटण दाबलं.