पाण्यात गेलेला चेहरा

विद्यापीठाच्या संग्रहालयात ग्रीक आणि रोमन वस्तूंचं दालन पहिल्या मजल्यावर, आणि त्या वस्तूंचा दवाखाना तळघरात. तिथं फुटकी भांडी जोडत बसणारीला सगळे डिंकी म्हणत. बावीस वर्षांत तिच्या हातून कुठल्या भांड्याला साधा टवकासुद्धा उडाला नव्हता. तीच डिंकी सोमवारी सकाळी पाण्याच्या ट्रेपुढं उभी राहून एकच खापर पुन्हापुन्हा उलटून पाहत होती.

शुक्रवारी तिनं कोठारातली एक जुनी पेटी उघडली होती. वरच्या दालनात एक उंच, पांढरी तेलाची कुपी आहे, ग्रीक लोक थडग्यापाशी ठेवायचे तसली. तिच्यावर एका बसलेल्या बाईचं चित्र. वस्त्राच्या चुण्या, मांडीवरची टोपली, सगळं शाबूत. फक्त मानेच्या वरचा तुकडा नाही. संग्रहालयाच्या निवृत्त प्रमुख, म्हणजे डिंकीला हे काम हाताला धरून शिकवणाऱ्या बाई, तो तुकडा तीस वर्षं शोधत होत्या. ‘बाईंचं डोकं सापडलं का?’ असं म्हणून लिपिकसुद्धा त्यांची थट्टा करत. आणि शुक्रवारी तो दोन बोटांएवढा तुकडा पेटीच्या तळाशी मिळाला. चेहऱ्यासकट!

मोबाइल तळघरात आणायचा नाही, वर दारापाशी कपाटात ठेवायचा, असा नियम. डिंकी जिना चढत धावली आणि तिनं बाईंना फोन लावला. बाई फोनवरच रडल्या.

"मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे गं," त्या म्हणाल्या. "एक तर गेलाच, दुसऱ्याची डॉक्टर खात्री देत नाहीत. सोमवारी येते. आधी तिला बघते, मग काय व्हायचं ते होवो."

डिंकी हवेतच खाली आली. मन त्या फोनपाशी आणि हात आपले सवयीनं चाललेले. पेटीतलं एकेक खापर जाळीच्या पिशवीत, पिशवीला चिठ्ठी, पिशवी पाण्यात. मातीत मुरलेलं मीठ असंच काढतात. काळ्या भांड्यांना त्यानं काही होत नाही, त्यांची चित्रं भट्टीत पक्की झालेली असतात. पांढऱ्या कुपीचे रंग मात्र भाजून झाल्यावर लावलेले. पाणी म्हणजे त्यांचा काळच. हे डिंकीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पांढरा तुकडा तेवढा बाजूला ठेवायचा होता. कॅमेरा प्रदर्शनवाल्यांनी नेला होता, म्हणून सोमवारी आधी त्याचा फोटो काढायचा होता. तो तुकडाही गेला पिशवीत.

शनिवार-रविवार दोन्ही दिवस तो पाण्यात होता. बाहेर निघालं ते कोरं, पांढरट खापर. तिनं ते दिव्याखाली धरलं, आडवं धरलं, भिंगातून पाहिलं. ट्रेमधलं पाणी कापडातून गाळलं. कापडावर फिकट तांबूस डाग आला, बस. चार रेघा मारल्या तर बाईंना काय कळणार आहे, असंही मनात येऊन गेलं. तिनं ब्रश उचलला आणि स्वतःचीच शिसारी येऊन खाली टाकला.

अकरा वाजता काठी टेकत बाई आल्या. खुर्चीत बसल्या, स्वतःचं भिंग काढलं आणि हात पुढं केला. डिंकीनं तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"दिवा जवळ घे."

डिंकीनं घेतला.

"अजून जवळ."

बाईंनी तुकडा भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिला. मग बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं.

"गेले गं माझे डोळे," त्या म्हणाल्या. "नुसतं पांढरं दिसतंय. कालपर्यंत भिंतीवरचं घड्याळ तरी दिसत होतं. दवाखान्यात फोन लाव, उद्या येत नाही म्हणावं. आता कशाला ती चिरफाड?"

गप्प बसलं की डिंकी सुटत होती. कुणी कधी विचारलंही नसतं. क्षणभर तिला हायसं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

"बाई, डोळे नाही गेले. चित्र गेलंय. मी पाण्यात घातलं."

बाईंनी तुकडा बोटानं चाचपला.

"फोटो?"

"नाही काढला."

आता त्या उठून जातील, निदान चार शब्द सुनावतील, असं डिंकीला वाटलं. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी चाचपडत तिचं मनगट धरलं.

"मग तू सांग. तू तर पाहिलंयस ना तिला? तू एकटीनंच पाहिलंयस. मान खाली होती का तिची? रडत होती? सांग, मी ऐकते."

डिंकीनं डोळे मिटले. डाव्या कडेची बारीक चीर तिला दिसली. वरच्या कोपऱ्यातला मिठाचा थर दिसला. तुकड्याची कड कुपीला बसेल की नाही, हे तिनं तीनदा मोजून पाहिलं होतं. मग ती जिन्याकडं धावली होती.

"सांग ना गं."

"बाई," डिंकी म्हणाली, "मी नीट बघितलंच नाही."