अवलंबितांचा रकाना

लेकीला परदेशातल्या कचेरीची प्रमुख नेमले होते. पगार दुप्पट, घरभाडे आणि मुलांची फी कंपनीची. आईचे तिकीट आणि व्हिसाही कंपनीच पाहणार होती. अट एवढीच, की आईने फॉर्मातल्या ‘अवलंबित’ या रकान्यापुढे सही करावी. एकतीस वर्षे शाळा चालवून आता स्वतःच्या पेन्शनवर ताठ मानेने जगणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंनी तो कागद दूर सारला.

“अवलंबित? मी? अगं, या घरात पंखासुद्धा मला विचारून फिरतो!”

जावई हळूच म्हणाले, “आई सोबत येणार, तर खडतर नेमणुकीचा भत्ताही मागून बघू का?”

“मागा की! मिळाला तर निम्मा माझा.”

लेक हसत हसत त्यांना बिलगली. “आई, तू नाही आलीस तर मी ही नेमणूक नाकारते. परक्या माणसांपुढे पहिल्या दिवशी उभी राहताना मला तूच पाठीशी हवीस. पण मीच तुझ्यावर अवलंबून आहे, असा रकाना या फॉर्मात नाही गं.”

बाईंना हसू आवरेना. त्यांनी कागद ओढून लफ्फेदार सही ठोकली आणि शाळेतल्या सवयीने खाली शेराही लिहिला : ‘मुलगी माझ्या देखरेखीखाली राहील.’