उलटी गाठ

पुणतांब्याच्या ज्ञानेश्वरने मोटरसायकल अंगणातच उभी केली, डिकीतून दावं काढलं आणि ओट्यावर टाकलं.

"गोरक्षची गाठ बघून घेतलं हुतं," तो म्हणाला. "बघा काय झालं त्याचं."

बैल सकाळी सुटला होता. सुटून थेट डांबरी रस्त्यावर गेला, तिथं टेम्पोने घासलं. मांडीची कातडी सोलली, पण बैल वाचला. ज्ञानेश्वर हे सगळं शांतपणे सांगत होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दावं उचललं. बैलाचं दावं कसं असतं, तर एका टोकाला दोराचीच कडी आणि दुसऱ्या टोकाला लिंबाएवढी गाठ. गळ्याभोवती घेऊन गाठ कडीत अडकवायची. या दाव्याची गाठ उकलून त्याचे तीन पदर मोकळे झाले होते, म्हातारीच्या केसांसारखे.

मी विचारलं, कधी घेतलं? तो म्हणाला, मागच्या की त्याच्या मागच्या शुक्रवारी, घोडेगावच्या बाजारात.

गोरक्ष म्हणजे आण्णा, माझे वडील. ते आत झोपले होते. घशाचा कॅन्सर. नगरला केमो झाली की पुढचे दोन-तीन दिवस ते असेच पडून असतात. दिवाळीपासून त्यांनी दोराला हात लावलेला नाही आणि आता शिमगा जवळ आलाय.

हे मी ज्ञानेश्वरला सांगितलं नाही. काय सांगणार? एवढंच म्हणालो, की बदलून देतो, आण्णांना बरं नाही, थोडं थांबा. तो दाराकडं बघत राहिला. खरंच बरं नाही की लपून बसलेत, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग गेला.

आण्णा डावखुरे आहेत. बाकीचे सगळे दोर एका अंगाने वळतात, आण्णांचा पीळ उलटा. टोकाची गाठही उलटी फिरते. आमच्या लोकांत प्रत्येकाची गाठ वेगळी असते, कुणाचा माल ते गाठीवरून कळतं, पण आण्णांची तर आंधळासुद्धा ओळखेल. शेतकरी बाजारात दावं हातात घेतात, टोक फिरवून बघतात आणि मान हलवतात. बास, भाव करायची गरज नाही.

आणि ती गाठ या दाव्याला होती. उकलली होती, पण पदरांना पडलेला बाक उलटाच होता.

म्हणजे कुणीतरी आण्णांच्या नावाने माल विकत होतं.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं गहिनीनाथ काकांचं. ते आमच्याच धंद्यातले, आमच्याच वस्तीतले. बाजारात कडुलिंबाखालची आण्णांची जागा अशी आहे, की फाटकातून आत येणारं प्रत्येक जनावर आधी तिथून जातं. त्या जागेवरून दोघांचं पूर्वी चांगलंच वाजलं होतं, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आणि आण्णा आजारी पडल्यापासून हेच काका दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडं. खाटेजवळ बसायचे. धंद्याचं एक अक्षर काढायचे नाहीत, पाऊसपाणी, कुणाचं लग्न, असलंच. पण जाताना भिंतीवर आण्णांचा माल किती उरलाय त्याच्याकडं एक नजर टाकायचे. ती नजर मला कधीच आवडली नाही. मागच्या महिन्यात आण्णांचा शिंगाचा टोच्या घरातून गेला. पदर उकलायला लागतो तो. आईला विचारलं तर म्हणाली, गहिनीनाथने मागितला, दिला. कशाला मागितला? तर म्हणाली, तुझी शिफ्ट किती वाजता हाय?

आई अशी कधीच बोलत नाही.

आण्णांना विचारायचा प्रश्नच नव्हता. केमोने त्यांच्या बोटांची जाणीव गेलीय. कप धरला तर धरलाय की नाही ते बघावं लागतं. तरी डॉक्टरला दरवेळी एकच सांगतात, मला पोळ्याला बाजारात बसायचंय. बाकी काही मागत नाहीत. जागा गेली किंवा नाव गेलं असं त्यांच्या कानावर आलं असतं, तर ते पुढच्या केमोला गाडीत बसले नसते. हे मला पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी मी नागापूरला कंपनीत फोन करून सांगितलं की पोट बिघडलंय, आणि घोडेगाव गाठलं.

बाजार भरला होता. मी एका टेम्पोच्या आडून लिंबाखाली बघितलं. आण्णांचं पोतं अंथरलेलं होतं. आमचंच, त्याला आईने लावलेलं निळं ठिगळ मला लांबूनही ओळखू आलं. त्याच्यावर आक्काबाई बसलेली. ही गोंडे करते, बैलांच्या कपाळाला लावायचे, आणि तोंडाने सगळ्या बाजाराला पुरून उरते. पुढ्यात दावी मांडलेली. शेजारी गहिनीनाथ काका, स्वतःचा माल घेऊन. एका शेतकऱ्याने दावं उचललं, टोक फिरवलं आणि विचारलं, गोरक्षचं का? आक्काबाईने पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, "मग काय माझ्या सासऱ्याचं हाय?"

मी जाऊन पुढ्यात उभा राहिलो.

काका उठले. आक्काबाई उठली नाही. मला म्हणाली, "बैस. उनात उभा ऱ्हाऊन काळा पडशील, आधीच पोरगी मिळंना."

मी बसलो नाही. आण्णा मरायच्या आधीच वाटणी चाललीय का, असं विचारलं. शब्द असेच होते, मी कमी करून सांगत नाही. आजूबाजूचे दोघं-तिघं बघायला लागले. काका खाली बघत होते. आक्काबाईने मात्र मला हाताला धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

दोरवाल्यांचा रिवाज असा, की बाजारात जागा मालाने धरायची, माणसाने नाही. पोत्यावर ज्याच्या गाठीचा माल त्याची जागा. महिनाभर त्याच्या गाठीचा माल दिसला नाही तर जागा मोकळी, मग कुणीही बसावं. आण्णांचा घरातला माल संक्रांतीच्या आतच संपला होता. नायलॉनचे दोर विकणारा एक नवीन माणूस फाटकापाशी बसतो, तो दर शुक्रवारी येऊन लिंबाखाली काय आहे ते बघून जायचा. म्हणून वस्तीतल्या सगळ्या घरांनी थोडी थोडी दावी वळायची आणि टोकाला आण्णांची गाठ मारायची असं ठरलं. ती गाठ मारायला काका शिकले. टोच्या त्यासाठीच नेला होता. विक्रीचे पैसे जुन्या मालाचे म्हणून आईकडं जात होते.

मी तिथंच आईला फोन लावला. ती म्हणाली, मला ठाऊक हाय, आण्णांना सांगू नको. आणि फोन ठेवला.

सगळं बरोबर जुळत होतं. मला ते जरा जास्तच बरोबर जुळतंय असं वाटलं. जागा आण्णांसाठी धरली म्हणतात, पण धरलेली जागा उद्या सोडतील का? आण्णांची गाठ आता काकांच्या हातात होती. आण्णा नसले तरी ती बाजारात चालूच राहिली असती. मी पिशवीतून ज्ञानेश्वरचं दावं काढलं आणि काकांच्या मांडीवर टाकलं.

काकांनी ते हातात घेतलं. उकललेले पदर परत जुळवून बघितले. मग पोत्यावरचं एक दावं घेतलं, कडी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि गाठीला धरून जोरात ओढलं. दोन-तीनदा ओढलं. गाठ सैल व्हायला लागली.

काकांचं तोंड पांढरं पडलं. ते खोटं असू शकत नव्हतं. त्यांनी वळलेला दोर सरळ पिळाचा, सगळ्यांचा असतो तसा. आणि त्याच्यावर मारलेली गाठ उलटी. आण्णांची गाठ आण्णांच्याच पिळावर टिकते, कारण दोन्ही एकाच अंगाने फिरतात, ताण पडला की आणखी आवळतात. इथं गाठ एकीकडं ओढत होती आणि पीळ दुसरीकडं. जितका बैल ओढणार तितकी ती सुटणार.

 आक्काबाई दावी गोळा करून पोत्याखाली सारायला लागली. पण जेवढी विकली गेली होती तेवढी आता कुठल्या कुठल्या गोठ्यात होती, आण्णांच्या नावाने.

काका म्हणाले, मीच सांगतो गोरक्षला. मी म्हणालो, नका सांगू. ते म्हणाले, बाजारातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. मला वाटलं होतं ते गाडी मध्येच दुसरीकडं वळवतील. पण नाही, माझ्या पुढंच होते, सरळ आमच्या अंगणात.

आण्णा उशीला टेकून बसले होते. काकांनी दावं त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. आई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. आण्णांनी दावं बोटांत फिरवलं, पण बोटांना काही कळत नव्हतं. मग त्यांनी ते उचलून ओठांवरून ओढलं, हळूहळू, टोकापर्यंत. ओठांना अजून कळतं.

 आण्णांचा आवाज आधीच घशातून नीट निघत नाही.

तरी म्हणाले, "गाठ माझी मारलीस. माझ्या जागंवर बसलास. आता खाटंवर बी झोपतोस का?"

काका म्हणाले, "आक्काबाई बसती जागंवर. मी शेजारी बसतो."

"इतक्या वर्सांत शेजारी बसून पीळ कुठल्या अंगानं जातो ते बघितलं न्हाईस?"

"माझं लक्ष गिऱ्हाइकाकडं असायचं," काका म्हणाले. "तुझ्याकडं जाणाऱ्या."

आण्णांच्या घशातून कसला तरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, पाणी आणायला उठलो. ते हसत होते. हसून झाल्यावर डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच सांगितलं, की आक्काबाईला बाजारात ओरडायला लावा, उलट्या गाठीचं दावं ज्यानं नेलं त्यानं परत आणावं, बदलून मिळंल. आणि उद्यापासून दोर वळायचा लोखंडी आकडा इथं अंगणात रोवा. माझ्या दारात, माझ्यासमोर.

शनिवारी आकडा रोवला. खाट ओट्यावर काढली. काका डाव्या हाताने वळत होते, ते लहान पोराने पहिल्यांदा जेवावं तसं दिसत होतं. पीळ चुकला की आण्णा काठीने ओटा ठोकायचे. ठोकलं की काका सगळं उकलून परत सुरू करायचे. वस्तीतले बाकीचेही येऊन बघून जायचे, दोघं-तिघं शिकायला राहिलेही. रोज असंच. एक दावं झालं की आण्णा ते ओठांवरून ओढायचे आणि बहुतेक वेळा खाली टाकून द्यायचे. मधला एक दिवस केमोचा होता. मी गाडी बोलवायच्या आधीच ते चप्पल घालून बसले होते.

माझा मात्र काकांवर अजून भरवसा नव्हता; संध्याकाळी ते गेले की मी टाकून दिलेलं दावंसुद्धा घरात घेऊन दाराला कडी लावायचो. आई म्हणायची, असं करू नये. मी करायचो.

पुढचा शुक्रवार आला तेव्हा आण्णांनी खाली न टाकलेली फक्त तीन दावी होती. तीच पोत्यावर मांडली. नायलॉनवाला येऊन बघून गेला. आक्काबाई सकाळपासून ओरडत होती, आवाज बसेपर्यंत. काही दावी परत आली, सगळी नाही.

दुपारी ज्ञानेश्वर आला. तोच बैल घेऊन, मांडीवर खपली धरलेली. याला सुटायची चटक लागली, विकायला आणलाय, म्हणाला. मी त्याला नवीन दावं दिलं. त्याने टोक फिरवून बघितलं. मग कडीत पाय घालून ओढलं. परत ओढलं.

"कुनी वळलं?" त्याने विचारलं.

आक्काबाईने माझ्याकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं बघितलं.

"आण्णांनी वळून घेतलं," मी म्हणालो. "अंगणात बसून."

त्याने काकांच्या हातांकडं बघितलं. डाव्या हाताच्या बोटांना फडकी गुंडाळलेली होती.  मग त्याने बैल आमच्या समोरच्या खुंट्याला त्याच दाव्याने बांधला. शेजारच्याने चहाला बोलावलं तर गेला नाही, दगडावर बसला आणि गाठीकडं बघत राहिला. बैलाने मान झटकली, ओढ घेतली. गाठ आवळली.

ज्ञानेश्वर तिथंच बसून होता. मीपण पोत्याच्या कडेला टेकलो आणि बघत राहिलो, बैल परत कधी ओढतो ते.