उजव्या टोकाची चीर

भिंतीवर डकवलेली काचेची पट्टी उजव्या टोकाला तुटली होती, मधोमध नाही – भिंतीतली भेग मात्र मधोमधच उतरत होती, काचेच्या धडधाकट भागाखालून, आपला या भानगडीशी काही संबंध नसल्यासारखी. तिने कॅलिपर लावून भेग पुन्हा मोजली. दोन पूर्णांक एक मिलिमीटर. तीन महिन्यांपूर्वी ही पट्टी भेगेवर आडवी डकवली तेव्हाही तेवढीच. भिंत हलली की काच तुटते, एवढं साधं साधन... आणि काच तर तुटली होती.

मग तिला त्या टोकाशी काच चिकटवलेला करडा गोळा दिसला. सिमेंट. चुन्याच्या भिंतीवर चुनाच लावायचा, हे तीच नव्या लोकांना शिकवायची. पण पट्टी डकवली त्या दिवशी आणखी चार घरं उरकायची होती आणि सिमेंट लवकर वाळतं. वाळताना आकसतं आणि काचेला ओढतं, हेही ती जाणत होती. म्हणजे हललं ते माझं सिमेंट.

तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशींनी मशीन थांबवलं होतं. काच अगदी आमच्या सूनबाईसारखी, कुणी बोट लावायच्या आत तडकते, असं म्हणून त्या हसल्या, मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "घर पडणार आहे, की पाडणार आहेत?"

कॅलिपर मिटून ती कचेरीकडे निघाली.

ती काम करत होती त्या नगरपालिकेच्या वारसा विभागाच्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या : अखंड, तुटलेली. 'तुटलेली'वर खूण केली की घर धोकादायक, संरक्षित यादीतून बाहेर, आणि मागोमाग गल्लीतली सातही घरं. त्या जागी होणाऱ्या वाहनतळाचा नकाशा विभागाच्या साहेबांच्या टेबलावर येऊनही पडला होता. तिने दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या, समासात भेगेचं माप लिहिलं आणि त्याखाली, काच माझ्या चुकीमुळे तुटली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हीच तर पंचाईत.

"बाई, खूण करा आणि सुटा," ते म्हणाले. "हे असं वर गेलं तर तुम्ही चौतीस घरांना लावलेल्या सगळ्या पट्ट्या संशयात येतील. तुम्हीसुद्धा."

"येऊ द्यात. चौतीस पुन्हा मोजते."

तिचा आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. कॉलेजात एकदा प्रयोगात न दिसलेला आकडा वहीत लिहून तिने पैकीच्या पैकी गुण घेतले होते – कुणाला कळलं नाही, आणि ते न कळणंच इतकी वर्षं दातात अडकल्यासारखं...

साहेबांनी कागदावर शिक्का मारला नाही, तो परतही केला नाही. ती बाहेर बाकावर बसून राहिली. खरं तर तिला ते घर आवडत नव्हतं. ओल, अंधार, जिन्यात कुबट वास. स्वतः ती तिथे एक दिवस राहिली नसती. पण न आवडणं वेगळं आणि न हललेल्या भिंतीला हलली म्हणणं वेगळं. उद्या चौतिसांतलं एखादं घर खरंच सरकलेलं निघालं तर? तर तेही लिहीन, तिथल्या माणसांसमोर उभी राहून सांगेन. भीती होतीच. फक्त आता ती तिला उठून जा म्हणत नव्हती.