सव्वानऊचा हॉर्न

देवमनच्या हाटेलात घड्याळ नव्हतं, आणि त्याचं कधी अडलंही नाही. पातूरच्या अलीकडच्या त्या फाट्यावर सव्वानऊची एसटी पुलाजवळ आली की ड्रायव्हर सूर्यभान दोन लांब, एक तोकडा असा हॉर्न मारायचा. तो कानावर पडला की देवमन आलुबोंड्यांचा घाणा तेलात सोडायचा. गाडी थांबेपर्यंत बोंडे लालबुंद व्हायचे आणि अख्खी गाडी कढईभोवती गोळा व्हायची! पंधरा वर्षं हेच.

दिवाळीत बायपास सुरू झाला. त्याच्या कडेला, गावातल्या शेषरावांच्या लिंबाच्या बागेत पेट्रोल पंप आला, शेजारी काचेचं हाटेल. फाट्यावरच्या डांबरावर लोक आता सोयाबीन वाळू घालायचे.

सूर्यभान मात्र वरच्या बायपासवरूनही हॉर्न मारायचा, मायेनं. आणि खाली देवमनचा हात रोज घाणा सोडून मोकळा व्हायचा. मग त्याला आठवायचं, गाडी आता खाली येत नाही.

"बाबा, कोणासाठी तळून राहिले?" दहावीतली रश्मी विचारायची.

"तुह्यासाठी. खाय गुमान, हाडं दिसून राहिले तुही."

ती हसून डबा भरायची. महिन्याभरात वर्गातल्या पोरीही बोंड्यांना कंटाळल्या. उरलेले बकऱ्यांपुढे जायला लागले.

"असंच तेल जाईन त हाटेल बंदच होईन," जयवंता, तिची आई, हळूच म्हणाली. "पण त्याच्या हाताले कोण सांगेन?"

शनिवारी रश्मी सायकल दामटत बायपासवर गेली आणि हात करून उभी राहिली. एसटी कचकन थांबली.

"काय वं पोरी, बोंडे आणले काय?" सूर्यभान खिडकीतून ओरडला.

"काका, हॉर्न नका मारू."

"काहून? देवमनले राग आला?"

"नाही. ते अजूनबी घाणा सोडतात."

सूर्यभान स्टिअरिंगकडे पाहत राहिला. "मले वाटलं, त्याले बरं वाटत असन."

"वाटते ना, काका."

मागचा ट्रक कोकलायला लागला. सूर्यभाननं मान हलवली आणि गाडी काढली.

रविवारी रश्मी बाबांजवळ कांदा चिरत होती. देवमनची रस्त्याकडे पाठ, हातात बेसनात बुडवलेला बोंडा. वर बायपासवरून एसटीचा लाल टप मुकाट्यानं सरकत गेला.

बेसन त्याच्या बोटांवरून निथळत होतं.

"रश्मे, सव्वानऊ झाले नाही काय वं अजून?"

"नाही, बाबा," ती म्हणाली.

देवमननं शेगडी बारीक केली आणि कान देऊन उभा राहिला.