बिनसांध्याचा फोटो

चिंतामणी मास्तरले आमच्या गावात कोनी वाईट म्हनत नव्हतं, पन त्याचं डोकं म्हंजे नुसतं भिरभिरं. शाळेत भूगोल शिकवे अन् सुटीच्या दिवशी पोट्ट्यापोट्टींले फोटो सुधरवाचं काम शिकवे. माही पोट्टी रुखी दोनीकडं पुढं. जर्मनीतली भिंत नुकतीच पडली होती. मास्तर पोरांले सांगे, देशाचे तुकडे झाले का घरं तुटतात, एक भाऊ इकडं अन् एक तिकडं. कोरियात तं अजून तसंच हाये. म्या म्हनलं, बाप्पा, आपल्या बेला गावची शीव ओलांडली का आंध्र सरते अन् महाराष्ट्र लागते, अर्धे सोयरे तिकडं, आपल्यासाठी कोन रडते?

मग मास्तरनं काम देल्लं: ताटातूट झालेली घरातली दोन मानसं एका फोटोत आना. आमच्याकडं हे नवं नाही. लग्नाले न आलेला मामा असो नाही तं मेलेला आजा, फोटोवाला त्याले घरच्यांमधी चिकटवते अन् आमी तो फोटो खुशाल भिंतीवर लावतो. रुखीनं आपल्या भावाले, उद्धवले घेतलं. तो बेल्लमपल्लीले कोळशाच्या खानीत. दिवाळीले आला तवा नव्या चौकडीच्या शर्टात त्यानं फोटो काढला होता. दुसरा घेतला माह्या बहिनीचा पोरगा नागोराव. दोघं एका ताटात जेवलेले. नागोराव त्या दिवाळीच्या सालभर आधीच जंगलातल्या बंदूकवाल्यांत गेला, त्याचा जुना फोटो तेवढा घरी राह्यला.

पोट्टीनं ब्लेडनं कापलं, कागदाची कड मागून घासून पातळ केली, चिकटवलं, बारीक ब्रशनं रंग भरला. मास्तरनं त्याचा पुन्हा फोटो काढून देल्ला. सांधा म्हनून दिसेना. दोघं भाऊ खांद्याले खांदा लावून उभे. मी रडली, खोटं काऊन सांगू.

सक्रांतीले उद्धव घरी होता, अन् नागोरावले धुंडत पोलीस आले. भिंतीवर फोटो, उद्धवच्या अंगात तोच शर्ट. कधी घेतला म्हनून इचारलं. तो भोळा सरळ बोलला, ह्या दिवाळीले. म्हंजे नागोराव दिवाळीले इथं आला होता, असं धरून त्यांनी उद्धवले अन् त्या फोटोले उचलून ठान्यात नेलं. त्या ठान्यातून असाच एक पोट्टा जंगलात वाट दाखवाले नेला होता. तो परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या भगवानरावनं बंडी जुपली अन् मले, रुखीले अन् मास्तरले ठान्यावर आनलं. भगवानराव म्हंजे कापसाच्या वजनकाट्यावर सायबालोकांशी भांडनारा मानूस. मी आत आलो तं गोष्ट बिघडन म्हने, अन् उद्धवसाठी आनलेली भाकर घेऊन बाहेरच लिंबाखाली बसला.

मास्तरनं हात जोडून सांगतलं का हा फोटो शाळेतल्या पोरीनं जोडला हाये. ठान्याच्या साहेबानं फोटो उजेडात धरला, नखानं खरवडला. सांधा दाखव म्हने. कुठून दाखवनार? त्या घडीले पोरीच्या हुशारीचा मले असा राग आला का इचारू नका. शेवटी मास्तर म्हनला, इथंच करून दाखवतो. त्यानं साहेबाचाच फोटो मागतला, पिशवीतून ब्लेड अन् गोंद काढला, फोटो कापला अन् नागोरावच्या बाजूले नेऊन बसवला. साहेब पाहातच राह्यला. मग हसला. सोडतो म्हने पोट्ट्याले. माह्या जिवात जीव आला.

पन त्यानं टेबलाच्या खनातून आनखी एक फोटो काढला. कापसाच्या भावासाठी मोर्चा निंघाला होता, त्यातला. सगळ्याच्या पुढं भगवानराव, मूठ उगारून.

"आता नागोरावले याच्या बाजूले उभा करा," साहेब म्हनला. "मंग पोट्टा घरी न्या."

मास्तरनं मोर्चाचा फोटो साहेबाकडं परत सरकवला. हे पाप मी करनार नाही म्हनला. साहेबानं त्याच्याकडं पाह्यलं सुदिक नाही. शिपायाले सांगतलं का जीप काढ, उद्धवले जंगलाकडं न्याचं हाये. खिडकीतून भगवानराव दिसत होता. भाकरीवर माश्या बसू नये म्हनून दुपट्टा हलवून राह्यला होता.

रुखीनं मास्तरच्या हातातून ब्लेड काढून घेतलं. मोर्चाचा फोटो आपल्याकडं ओढला.

"साहेब," ती म्हनली, "डाव्या अंगाले उभा करू, का उजव्या?"